‘अनैसर्गिक कृत्य’ आणि माझी तीन कॉलमची बातमी

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं एक मेसेज फॉरवर्ड केला. मुंबईतल्या प्राइड मोर्चाचा फोटो आणि खाली मजकूर, की असले थेर आपल्याकडं पूर्वी नव्हते, मोबाईल आले आणि पोरं बिघडली. त्यावर अकरा अंगठे आणि सहा हसरे चेहरे. मी काहीच टाकलं नाही. पण चोवीस वर्षं बातमीदारी केल्यावर एक खोड लागते. कुणी ‘पूर्वी’ म्हणालं की लगेच विचारावंसं वाटतं, पूर्वी म्हणजे कधी? साल सांगा.

म्हणून सालवार लिहायला बसलोय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आणि आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको. हा विषय माझा स्वतःचा आहे. मी समलिंगी आहे. वय ४६, लग्न नाही. “का केलं नाही?” असं कोणी विचारलं की “तालुका प्रतिनिधीला कोण पोरगी देतंय?” हे माझं उत्तर ठरलेलं होतं, आणि लोकांना ते पटायचं. आपल्या धंद्यातलं मानधन सगळ्यांना माहीत असल्यामुळं पुढं कोणी खोदून विचारायचं नाही. आईला विचारून लिहितोय. तिची हरकत नाही. तिच्याबद्दल पुढं येईल.

तर साल १९३४.

र. धों. कर्वे हे नाव निदान ‘ध्यासपर्व’ सिनेमामुळं काहींना माहीत असेल. महर्षी कर्व्यांचा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार करतो म्हणून त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढायचे आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. डिसेंबर १९३३ च्या अंकातल्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल.

कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करार होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. डोक्यावर कामाचा डोंगर, आणि हा खटला घेऊन लोकप्रियता मिळणार नव्हती, मिळाली तर बदनामीच. तरी ते उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. लोक प्रश्न विचारतात कारण त्यांना कळून घ्यायचं असतं. त्यांना विकृत म्हणायचं असेल तरी ज्ञानाशिवाय त्यावर दुसरा उपाय काय? हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा दाखलाही त्यांनी दिला. न्यायाधीशांना ते पटलं नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. १९३४ चे २०० रुपये, आणि तेही नोकरी गेलेल्या माणसाला.

मी दर १४ एप्रिलला आमच्या गावच्या मिरवणुकीची बातमी करतो. चोवीस वर्षांत व्यासपीठावरून या खटल्याबद्दल एक वाक्य ऐकलेलं नाही. ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी सांगावं, मला आनंद होईल.

पण मला कर्वे आणि बाबासाहेबांपेक्षाही जास्त कुतूहल आहे ते प्रश्न पाठवणाऱ्या वाचकाचं. वर्तमानपत्राच्या कार्यालयात येणारी पत्रं मी पाहिलीत. माणूस जे घरात बोलू शकत नाही ते पाकिटात घालतो. ते पत्र त्यानं कुठं बसून लिहिलं असेल, पोस्टाच्या पेटीत टाकताना इकडंतिकडं बघितलं असेल का? नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मोबाईल सोडा, गावात वीजसुद्धा नव्हती.

आता दुसरं साल, १८६०. कारण ‘हे सगळं पाश्चात्य खूळ आहे’ हाही मेसेज थोड्या दिवसांनी येणारच आहे.

पाश्चात्य काय आलं, ते सांगतो. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला. ती संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यात कलम ३७७ होतं. निसर्गक्रमाविरुद्धचा शरीरसंबंध हा गुन्हा, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दोघांची संमती असली तरी गुन्हा, आणि मग दोघंही आरोपी. याचं मूळ इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या १५३३ च्या कायद्यात. हेच कलम, कित्येक ठिकाणी याच आकड्यासह, त्यांनी मलेशिया, सिंगापूर, ब्रह्मदेशापर्यंत नेलं. स्वतः इंग्लंडनं १९६७ मध्ये आपल्याकडचा कायदा सैल केला. आपण त्यांचं जुनं जोडं आणखी ५१ वर्षं जपून ठेवलं, वर त्यालाच आपली संस्कृती म्हणू लागलो.

पूर्वी आपल्याकडं सगळं आलबेल होतं, असं मी म्हणणार नाही. तसा सुवर्णकाळ रंगवणारे लोक मला भाबडे वाटतात. टिंगल होती, मारहाण होती, जबरदस्तीची लग्नं होती. पण चौकीत नेऊन ‘कलम काय लावायचं?’ हा प्रश्न नव्हता. तो मेकॉलेसाहेबांनी दिला.

कोर्टाच्या भाषेतलं हे कलम पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये यायचं तेव्हा त्याचं नाव व्हायचं ‘अनैसर्गिक कृत्य’. तिथून ते आमच्या मथळ्यात. हा शब्द मी स्वतः किती वेळा लिहिला असेल, मोजलेलं नाही. एकदाचा मात्र नीट आठवतो.

२००३. मी २४ वर्षांचा. पत्रकारितेची पदविका घेऊन दोन वर्षं झालेली. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मी एका दैनिकाचा बातमीदार होतो. बातमी हातानं लिहायची, घाई असली तर एसटीडी बूथवरून फॅक्स, नाहीतर पाकीट करून संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचं. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर. सकाळी पोलीस स्टेशनला चक्कर मारायची, ठाणे अंमलदाराशी चहा प्यायचा, रात्रीत काय घडलं ते उतरवून घ्यायचं.

त्या दिवशी अंमलदार हसत होता. एसटी स्टँडच्या मागं एक बंद गोदाम होतं, तिथं रात्री दोघं सापडले होते. एक टेलर, पस्तिशीचा. दुसरा कॉलेजचा मुलगा, वीस वर्षांचा. कुणी तक्रार केलेली नव्हती. सरकारतर्फे फिर्याद. कलम ३७७. दोघं आतल्या बाकावर बसले होते. टेलरनं मला ओळखलं. माझ्या बहिणीच्या लग्नातली माझी सफारी त्यानंच शिवली होती. त्यानं मान खाली घातली नाही. माझ्याकडं बघत राहिला. मीच वहीत बघायला लागलो.

बातमी तीन कॉलम आली. मथळ्यात ‘अनैसर्गिक कृत्य’, पुढं ‘दोघे रंगेहाथ’. खाली दोघांची पूर्ण नावं, वय, धंदा, राहणार कुठं. त्याआधी माझी तालुक्याची बातमी तीन कॉलम कधीच आली नव्हती. डेस्कवरून फोन आला, चांगली पकड आहे म्हणाले.

त्या गोदामात मीही सापडू शकलो असतो. गेलो नव्हतो, तो शहाणपणामुळं नाही, भीतीमुळं. माझं तेव्हा एका मित्रावर प्रेम होतं, त्याचंही माझ्यावर, आणि आम्ही दोघं नदीकाठच्या देवळात बसून राजकारणावर बोलायचो. बातमी लिहिताना माझ्या डोक्यात जो हिशेब चालला होता तो मला आजही शब्दशः आठवतो. जितकं कडक लिहीन तितकं माझ्याकडं कोणी बघणार नाही. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘किळसवाणा प्रकार’ हे शब्द नव्हते. ते मी घातले.

आठवड्याभरात टेलरचं शटर बंद झालं. बोर्ड मात्र पावसाळाभर होता. मुलानं कॉलेज सोडलं. पुढं कोर्टात काय झालं, खटला उभा राहिला की नाही, सुटले की नाही, याची बातमी मी कधीच केली नाही. अटकेची बातमी तीन कॉलम आणि सुटकेची एक ओळही नाही, हा आपल्या धंद्याचा जुना रिवाज आहे. त्याबद्दल मी कार्यशाळेत नव्या मुलांना भाषण देतो. हे उदाहरण मात्र कधी दिलं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आमच्या नगर वाचनालयात तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ होतं. १९८१ चं नाटक. १९४० च्या सुमाराच्या पुण्यातली कॉलेजातली मुलगी, तिचं दुसऱ्या मुलीवर प्रेम, आणि हे सांगणारा तिचा मित्र बापू. रंगमंचावर ही मित्रा रोहिणी हट्टंगडींनी केली होती. नाटक मी कपाटांच्या मधे उभ्यानंच वाचून काढलं. घरी न्यायचं धाडस झालं नाही, कारण रजिस्टरमध्ये नोंद राहते. त्याच सुमाराचा ‘उंबरठा’, १९८२ चा. स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक असते आणि आश्रमातल्या दोन बायकांच्या संबंधावरून गदारोळ होतो. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीनं हा विषय नाटकात आणि थेटरात पाहिलेला होता. सिनेमातल्या गाण्यांबद्दल ते आजही भरभरून बोलतात, त्या दोघींबद्दल चकार शब्द नाही.

‘मित्राची गोष्ट’ वाचून मला धीर आला का? खरं सांगायचं तर नाही. मित्रा शेवटी जीव देते. तेंडुलकरांनी त्या काळाचं खरं लिहिलं असेल, पण पंचविशीतल्या मला त्यातून एवढंच कळलं की आपल्यासारख्याच्या गोष्टीला दुसरा शेवट नसतो.

दुसरा शेवट असतो हे कळलं ते बिंदुमाधव खिरे यांच्यामुळं. त्यांनी पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत, साध्या मराठीत, लिहायला लागले. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्येच ‘बॉम्बे दोस्त’ काढलं होतं आणि पुढं १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला, पण ते इंग्रजीचं आणि मुंबईचं जग. आमच्यापर्यंत पोचायला ते पंढरपूर पॅसेंजरनं निघालं असतं तरी लवकर आलं असतं. खिऱ्यांचं ‘पार्टनर’ मी पुण्याला एका कामाला गेलो तेव्हा घेतलं आणि रेल्वेत वर्तमानपत्राच्या घडीत लपवून वाचलं. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. एकाच भाडेकरूवर भाऊही प्रेम करतो आणि बहीणही, आणि दोघांचं दुःख लेखक एकाच मापानं मोजतो. ती मात्र मी उघड वाचली. कव्हरवरून कुणाला काही कळत नव्हतं.

त्याच वर्षी माझ्या मित्राचं लग्न झालं. मी आहेराच्या टेबलावर बसून पाकिटांवरची नावं वहीत लिहून घेत होतो. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणार नाही. त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि त्या बाईंची यात काहीच चूक नाही.

मग निकालांचा झोका सुरू झाला. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की संमतीनं आणि खासगीत वागणाऱ्या प्रौढांना ३७७ लावता येणार नाही. निकाल देणाऱ्या खंडपीठात न्या. एस. मुरलीधर यांच्यासोबत मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा होते, आणि ते आपल्या सोलापूरचे! मी डेस्कला म्हटलं, सोलापूरचा माणूस म्हणून एक चौकट करू. उत्तर आलं की विषय फॅमिलीचा नाही. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आमच्यासारख्यांची संख्या फारच थोडी आहे, हेही त्यात एक कारण होतं. म्हणजे चार वर्षं पाच महिने मी गुन्हेगार नव्हतो, आणि एका सकाळी परत झालो. त्या दिवशी मी तालुक्याच्या आमसभेत बसलो होतो. पाणीपुरवठ्यावरून आरडाओरड चालली होती, मी नोंदी घेत होतो.

एक गोष्ट मधेच सांगतो, कारण ती आपल्या वर्तमानपत्रांची आहे. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी आपल्या मुलासाठी, हरीश अय्यर यांच्यासाठी, वर पाहिजे अशी जाहिरात द्यायचं ठरवलं. काही वर्तमानपत्रांनी पैसे देऊनही ती घेतली नाही. अखेर ‘मिड-डे’नं छापली. त्या जाहिरातीत जातीचा उल्लेख होता त्यावरून पुरोगाम्यांनी त्यांना झोडपलं, आणि ते झोडपणं योग्यच होतं. पण मला त्या बाईंचं कौतुक वाटत राहिलं. इतर आया करतात तेच त्यांनी केलं, सगळ्या चांगल्यावाईट सवयींसकट.

६ सप्टेंबर २०१८. पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ३७७ मधला तो भाग काढून टाकला. दुपारी डेस्कचा फोन, तालुक्यातून प्रतिक्रिया घे, चार-पाच, फोटोसह. मी डॉक्टरांना फोन लावला, वकिलांना लावला, एका मुख्याध्यापकांना, एका कीर्तनकार महाराजांना. महाराज सगळ्यात बरं बोलले, देवानं घडवलेल्याला आपण नावं ठेवू नयेत म्हणाले. मुख्याध्यापकांनी नाव छापू नका सांगितलं. पाचवी प्रतिक्रिया मिळेना. डेस्कवाला वैतागून म्हणाला, “अहो, तुमच्या गावात एक तरी तसला माणूस असेल की.” मी म्हटलं, “बघतो.” दुसऱ्या दिवशी बातमी आली चार प्रतिक्रियांची, आणि सोबत फोटो तृतीयपंथीयांचा. समलिंगी असणं वेगळं आणि तृतीयपंथी असणं वेगळं, त्यांच्या हक्काचा निकाल वेगळा आणि तो १५ एप्रिल २०१४ ला लागला होता, हे मी फोनवर सांगितलं तर उत्तर मिळालं, “वाचकाला चालतं.”

ती बातमी आईनं वाचली. आई सातवी शिकलेली आहे आणि माझ्या नावाची प्रत्येक बातमी वाचते, पाणीटंचाईचीसुद्धा. चष्मा काढून तिनं विचारलं, “म्हंजे आता धरत न्हाईत नव्हं कुणाला?”

मी नाही म्हणालो.

“बरं झालं,” म्हणाली आणि भाकरी थापायला उठली. काठवटीकडं तोंड करून मग म्हणाली, “त्या टेलरच्या येळेला मला लई भ्या वाटलेलं तुझं.”

पंधरा वर्षं. मी तिच्यापासून लपवतोय असं मला वाटत होतं, आणि ती माझ्यासाठी घाबरून बसली होती. त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे सांगायला फारसं काही उरलं नव्हतं. तिनं दोनच प्रश्न विचारले. म्हातारपणी तुझं कोण करणार? आणि ती बातमी तू का लिहिलीस? पहिल्याला उत्तर होतं, की बहिणीची मुलं आहेत, बघू.

त्यानंतरचं भराभर सांगतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते काम संसदेचं म्हणून सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ उरलंच नाही. ऐकायला छान वाटतं, पण क्राइम बघणारा बातमीदार म्हणून सांगतो, यात एक भोक पडलंय. पुरुषावर जबरदस्ती झाली तर आता बलात्काराच्या तोडीचं कलमच राहिलेलं नाही. कलमातला वाईट भाग काढायचा होता, यांनी सगळंच खरवडून टाकलं. त्याच वर्षी केंद्रानं खुलासा केला, की समलिंगी जोडीदार एका रेशनकार्डावर एक कुटुंब म्हणून राहू शकतात आणि बँकेत जॉइंट खातं काढू शकतात. लग्नाला ना, धान्याला हो. आमच्या पुरवठा शाखेत मी सहज विचारलं, असा अर्ज कधी आलाय का? क्लार्क म्हणाला, “साहेब, साधं नाव कमी करायला आठ महिने लागतात, तुम्ही कुठं…”

आता त्या टेलरबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या मेसेजनंतर मी परवा त्याच्या जुन्या गल्लीत गेलो. दुकानाच्या जागी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याचा भाऊ भेटला. आधी ओळख दाखवेना, मग बसा म्हणाला. टेलर भिवंडीला आहे, एका कारखान्यात मास्टर आहे, बरं चाललंय. गावाकडं आईच्या मयतीला आला होता तेवढाच. मी कोण ते भावाला पक्कं माहीत होतं. “तुमची बातमी आमच्या आईनं कुणाकडनं तरी वाचून घेतली होती,” म्हणाला. रागानं नाही, सांगितल्यासारखं. नंबर मागितला तर त्याला विचारून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.

त्यानं नंबर दिला नाही तर तो त्याचा हक्क आहे. दिला तर काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. त्याचं नाव इथं लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं.

कॉमेंटमध्ये मला जे म्हणायचं ते म्हणा, मी उडवणार नाही. पण आमच्या गावच्या मंडळींनी त्याची किंवा त्या मुलाची ओळख खाली टाकली, तर ती कॉमेंट त्याच मिनिटाला जाईल. आणि ग्रुपवरच्या सहकाऱ्यांनो, उद्या सकाळी पोलीस स्टेशनला भेटूच. मी नेहमीच्या वेळेला असेन.